मागच्या पानापासून वाचणाऱ्या देसलेबाई

आमच्या ऑफिसात नकाशाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की देसलेबाई तिच्या बदलांची यादी छापून घ्यायच्या आणि मागच्या पानापासून वाचायला सुरुवात करायच्या. त्यांचं वाचून होईपर्यंत अपडेटच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूमच होता. खुर्ची खिडकीशी ओढलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात शिसपेन्सिल. दोन-दोन दिवस हे पारायण चालायचं. शहापूरच्या बाजारात खतांच्या दुकानावर आमचं ऑफिस. खालून खताचा वास यायचा, मोटारसायकलींचे हॉर्न वाजायचे, पण बाईंची मान वर व्हायची नाही.

"बाई, मागून का वाचता?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"अरे नितीन, नवीन काय आलं ते पैल्या पानावर असतं, रंगीत चित्रांसकट. ते समदेच सांगतात. काय गेलं नि काय बदललं, ते मागं, बारीक अक्षरांत. ते आपलं आपनच बघायचं."

बाईंचं इंग्रजी शाळेपुरतं. अडलेल्या शब्दाखाली त्या रेघ मारून ठेवायच्या आणि दुपारी डबा खाताना एकेक शब्द मला विचारायच्या. एकदा म्हणाल्या, "डेप्रिकेटेड म्हंजे काय रे?" मी सांगितलं, म्हणजे ही सोय अजून चालते, पण पुढे कधीतरी काढून टाकणार आहेत, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नका. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "म्हंजे माझ्यासारखं." मग स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

बाई मुरबाडकडच्या. मुरबाडहून जीपने अर्धा तास आणि पुढे थोडं चालणं, असं त्यांचं गाव. घरी भातशेती. दोन भाऊ, आणि ह्या धाकट्या. लग्न केलं नाही. का केलं नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही. सरकारी नोकरीत त्यांनी उभी हयात नकाशे ट्रेस करण्यात घालवली. मूळ नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि शाईने रेघन्‌रेघ गिरवायची. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्या छोट्या संस्थेत आल्या. जंगलपट्टीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसतात, ती त्यांच्या नावावर व्हावी म्हणून सरकारकडे दावा करावा लागतो आणि दाव्याला नकाशा जोडावा लागतो. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांचे हे नकाशे आम्ही करून द्यायचो. बाई आल्या तेव्हा मला वाटलं, ह्या म्हाताऱ्या बाईला आता माउस धरायला शिकवण्यात माझं वर्ष जाणार. सहा महिन्यांत त्या माझ्या चुका काढायला लागल्या.

माउस त्या तीन बोटांत धरायच्या, शाईचा पेन धरावा तसा. त्यांचा एकाच गोष्टीवर राग होता: केलेलं काम मागे घेण्याची सोय. मी दर दोन मिनिटांनी ते बटण दाबायचो आणि बाई शेजारून चुकचुकायच्या.

"आमी चुकलो तर शाई ब्लेडनं खरवडायचो," त्या म्हणायच्या. "कितीबी हलक्या हातानं खरवडा, कापडावर वरखडा ऱ्हायचाच. साहेब उजेडात धरायचा नि बोट ठेवायचा, हितं चुकलीस. तुझ्या ह्या यंत्रात चुकलेलं दिसतच नाय. मग शिकनार कसा तू?"

म्हणून त्यांची एक लांबट वही होती. आज कुठला प्लॉट काढला, कुठला कोपरा दुरुस्त केला, का केला, कुणी सांगितलं, सगळं तारखेनिशी. अक्षर असं की छापल्यासारखं.

बाईंचा खरा दरारा मात्र वाडीवर. मोजणीला त्या जीपीएस गळ्यात अडकवून स्वतः फिरायच्या नाहीत. ज्याची जमीन त्याच्या हातात यंत्र द्यायच्या आणि त्याच्या मागून चालायच्या. दोघांच्या सामाईक कोपऱ्यावर आलं, की शेजाऱ्याला बोलावून आणायचं. दोघांनी एकाच दगडावर पाय टेकवायचा, एकमेकांकडे बघून "हाच ना?" "हाच" म्हणायचं, आणि मगच बाई यंत्रात त्या कोपऱ्याचा नंबर टाकायला सांगणार. शेजारी कामाला गेलेला असला तर तो कोपरा दुसऱ्या दिवसावर. मी कंटाळायचो. एका वाडीला दोन दिवस पुरायचे तिथे सहा लागायचे. बाई म्हणायच्या, "दोघांचा पाय लागल्याशिवाय नंबर नाय. आपन जातो निघून, त्या दोघांना हितंच ऱ्हायाचं असतं."

बेहेड्याच्या वाडीला मोजणी चालली तेव्हा बाई आठ दिवस हिराबाईंकडे राहिल्या. हिराबाई एकट्या होत्या. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन कसाऱ्याकडे. डोंगरउतारावर त्यांचं नागली-वरीचं एक वावर होतं आणि त्याला लागूनच त्यांच्या दिराचं, कमळूचं. ह्या दिराने नवरा गेल्यावर दोनदा त्यांच्या वावरात नांगर घातला होता आणि दोन्ही वेळा हिराबाईंनी आडव्या पडून तो थांबवला होता. मोजणीच्या दिवशी मात्र बाईंनी कमळूला बोलावून हिराबाईंशेजारी उभा केला आणि सामाईक दगडावर दोघांचे पाय ठेवायला लावले. कमळू कुरकुरला, पण बाईंपुढे काही बोलला नाही. त्या संध्याकाळी हिराबाईंनी कोंबडं कापलं. दोघी चुलीपुढे बसून जेवल्या, आणि हिराबाई सारखं एकच म्हणत होत्या, "आता कागद होनार ना गो ताय? मंग ह्याच्या बापाला पन हात लावता येनार नाय."

"होनार," बाई म्हणाल्या. "माझ्या हातानं करते ना."

आता थोडं नकाशाचं सांगायला हवं. दावे तपासणाऱ्या समितीला सगळे प्लॉट जुन्या सरकारी नकाशावर दाखवून हवे असत. तो नकाशा इंग्रजांच्या काळातल्या मोजणीवर बेतलेला, आणि आमच्या जीपीएसची मोजणी वेगळ्या पायावरची. दोन्ही एकावर एक ठेवले, की प्लॉट आपल्या जागेवरून साधारण एका वावराएवढे घसरलेले दिसायचे. सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीला हा फरक कळायचा नाही. बाईंना कळायचा. वाडीची विहीर, ओढ्याचं वळण आणि म्हसोबाचा दगड अशा खुणा पकडून त्या जुना नकाशा हाताने सरकवायच्या आणि इतका चपखल बसवायच्या की बघत राहावं.

पण असं हाताने सरकवणं काही रीतीला धरून नव्हतं. रीत म्हणजे गणित करून, कागदोपत्री. ते गणित बाईंना येत नव्हतं आणि मलाही येत नव्हतं. बाकी प्रत्येक बारीकसारीक दुरुस्ती वहीत लिहिणाऱ्या बाई ही एकच गोष्ट लिहीत नसत. मी एकदा म्हणालो, "हेही लिहून ठेवू या का?" तर त्या फटकन म्हणाल्या, "त्यात लिवन्यासारखं काय हाय? बसलं ना बरोबर?" आणि पाणी प्यायला उठून गेल्या. त्यांना त्याची लाज वाटत होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या हिवाळ्यात भावाच्या मुलीचं लग्न निघालं म्हणून बाई आठवडाभर गावी गेल्या, आणि नेमकी त्याच आठवड्यात नवी आवृत्ती आली. बेहेड्याच्या वाडीचे नकाशे छापायचेच राहिले होते आणि दावे दाखल करायला दहा दिवस उरले होते.

मी यादी उघडली. पहिल्याच पानावर होतं की देवनागरी अक्षरं आता नीट छापली जातील. हे वाचून मी खुर्चीत उडालोच. त्याआधी आमच्या नकाशांवर जोडाक्षरांची नुसती दैना असायची. 'बेहेड्याची'मधला ड्या फुटायचा, म्हसोबाचा म्ह दोन तुकडे होऊन पडायचा, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. शेवटी आम्ही सगळी नावं पेनने लिहायचो. आता लोकांची नावं लोकांना वाचता येतील अशी छापून निघणार होती. शिवाय डोंगरांचे उठाव दिसणार होते, नकाशा फोनवर पाठवता येणार होता. मी पहिलं पान पुरतं वाचलं, दुसरं चाळलं आणि बटण दाबलं. वाडीची जुनी फाइल उघडताना मधे एक छोटी चौकट आली. तीत चार ओळी होत्या. मी 'ठीक आहे'वर क्लिक केलं.

बाई परतल्या तोवर नकाशे छापून, बांधून तयार होते. बाईंनी पहिलाच नकाशा हातात घेतला, नावांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हिराबाई पांडू भला," त्यांनी मोठ्याने वाचलं. "काय सुंदर आलंय रे." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नवीन घातलंस वाटतं. यादी वाचलीस?"

"वाचली."

"मागून?"

"हो बाई, मागून."

खोटं बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत. जेवलास का, हो, जेवलो, इतक्या सहज मी बोलून गेलो. बाईंनी विश्वास ठेवला. क्षेत्रफळं त्यांनी वहीशी ताडून पाहिली. ती बरोबरच होती, कारण प्लॉट होते तेवढेच होते, फक्त जागा सोडून सरकले होते. दाव्यांची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. बाईंनी एकेका नकाशावर सही केली, खाली तारीख घातली.

मागच्या पानावर काय लिहिलं होतं ते मी नंतर वाचलं. जुन्या फाइलींतल्या नकाशांच्या मोजणीचा पाया नवी आवृत्ती आता स्वतः ओळखणार होती आणि फरक आपोआप भरून काढणार होती; त्या छोट्या चौकटीतल्या चार ओळीही हेच सांगत होत्या. जो नकाशा बाईंनी एकदा हाताने सरकवला होता, तो ह्या यंत्राने पुन्हा एकदा तेवढाच सरकवला, आणि वाडीचे सगळे प्लॉट त्याच्यावर एकेका वावराने चुकले.

तपासणीला समितीची माणसं वाडीवर आली तेव्हा मी आणि बाई बरोबर होतो. नागली कापून झालेली, वावरात नुसती सडं. हिराबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून आपल्या वावराच्या मधोमध उभ्या होत्या. समितीतल्या एकाने यंत्र काढलं, नकाशा पसरला, पुन्हा यंत्राकडे पाहिलं.

"बाई, तुमचा प्लॉट हा नाही," तो म्हणाला. "नकाशाप्रमाणे तुमचा नंबर खाली ओढ्यात येतो. आणि तुम्ही उभ्या आहात ती जागा..." त्याने नाव वाचलं. "कमळू तुकाराम भला."

कमळू बांधावर बसला होता. त्याला आधी काही समजलं नाही. समजलं तसा तो उठून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मी तर पैल्यापासून सांगतो, ही जागा माजी हाय!"

हिराबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या देसलेबाईंकडे बघत होत्या. बाईंनी माझ्या हातातून दुसरी प्रत घेतली आणि भराभर विहिरीपर्यंत चालत गेल्या. तिथून ओढ्याच्या वळणाकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं. मग विहिरीच्या कठड्यावर बसल्या. मी जवळ गेलो. बाईंचे ओठ हलत होते. त्या मनातल्या मनात नकाशा मागे सरकवत होत्या, एकदा, दोनदा. त्यांना कळलं हे मला दिसलं. मलाही त्याच क्षणी कळलं.

त्या उठून सगळ्यांमध्ये आल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "हिराबाईची जागा हीच. कमळूची पलीकडची. दोघांनी दगडावर पाय ठेवलेत माझ्यापुढं. नकाशा चुकलाय. जुना कागद मी हातानं सरकवला व्हता आनि तसं कुठं लिवलं नाय. नव्या आवृत्तीनं तो परत सरकवला. माझी चूक हाय."

"तुम्ही लेखी देऊ शकता?" समितीवाल्याने विचारलं. "मग हे सगळे दावे परत पाठवावे लागतील. पुन्हा मोजणी, पुन्हा ग्रामसभा."

"देते."

मी खांद्यावर पिशवी अडकवून चार हातांवर उभा होतो. 'आवृत्ती मी घातली, यादी न वाचता घातली आणि वाचली म्हणून खोटं सांगितलं,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं. मी पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

हिराबाई पुढे आल्या. "ताय," त्या म्हणाल्या, "माज्या घरात जेवलीस ना गो तू?"

"जेवले," बाई म्हणाल्या.

"कमळूनं काय दिलं तुला?"

"काय नाय दिलं, हिराबाई. चूक झाली."

"चूक!" हिराबाई एवढंच म्हणाल्या आणि वावर तुडवत घराकडे निघून गेल्या. त्या दिवशी वाडीवर आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही.

बाईंनी पत्र लिहून दिलं. त्यात माझं नाव नव्हतं. संस्थेच्या बैठकीत ठरलं की यापुढे देसलेबाईंच्या सहीचा नकाशा बाहेर जाणार नाही. त्यांना जा असं कुणी म्हटलं नाही. बाई आणखी महिनाभर आल्या. त्या महिन्यात त्यांनी आधीच्या वर्षांचे सगळे नकाशे कपाटातून काढले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात शाईने लिहिलं, कुठला कागद, कुठल्या खुणांवरून, कुठल्या दिशेला, किती सरकवला. जिथे आठवत नव्हतं तिथे 'आठवत नाही' असं लिहिलं. मी शेजारी बसून नवे नकाशे करत होतो. रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज पाच वाजायचे, बाई पिशवी उचलायच्या आणि मुरबाडची एसटी पकडायला जायच्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला त्यांची लांबट वही दिली. "बघ, काय कळलं तर," म्हणाल्या. मी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तेव्हाही गप्प बसलो. माझ्या आयुष्यात मला ज्या गोष्टींची लाज वाटते, त्यात ही सगळ्यांत वर आहे.

बेहेड्याच्या वाडीची मोजणी पुन्हा झाली. कोपऱ्यांवर मी दोघांचे पाय ठेवून घेतले. कमळूने ह्या वेळी दगडावर यायला पंधरा दिवस लावले. गावाने चार गोष्टी सुनावल्या तेव्हा आला. हिराबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, बाईंचं नाव काढायच्या नाहीत. वाडीत बोललं जायचं की ताई कमळूला फितूर झाली होती, ऐन वेळी पकडली गेली म्हणून चूक कबूल केली. मी ते ऐकायचो. नाही, तसं नव्हतं, एवढंच म्हणायचो. मग कसं होतं, असं कुणी विचारू नये म्हणून लगेच दुसरं काही काढायचो.

तीन पावसाळे गेले. हिराबाईंच्या नावाचं प्रमाणपत्र आलं. ते मी त्यांच्या हातात दिलं, त्यांनी ते डोक्याला लावलं आणि पेटीत ठेवलं. परतताना मी मुरबाडला शहापूरची एसटी सोडून दिली आणि बाईंच्या गावच्या जीपमध्ये जाऊन बसलो.

बाई अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. केस पुरते पिकले होते. मला पाहून त्यांना झालेला आनंद इतका खरा होता की मी ओटीवर चढण्याआधीच, उभ्याउभ्या, सगळं सांगून टाकलं. पहिलं पान, बटण, चौकट, आणि ते 'हो बाई, मागून'. बाईंचं सूप थांबलं नाही.

"म्हाइत हाय मला," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी, विहिरीवर बसले तवा. तू मागलं पान वाचलं असतंस तर मला विचारल्याबिगर ऱ्हायला नसतास. तेवढं तुला वळखते मी."

"मग बोलला का नाहीत? मीटिंगमध्ये तरी?"

आता बाईंनी सूप खाली ठेवलं. "त्यात अर्धी चूक माझी व्हती, नितीन. लिवून ठेवलं असतं तर तुलाबी दिसलं असतं. माझी अर्धी मी लिवून दिली. तुझी अर्धी मी कशी लिवनार? ती तुझी तूच लिवायची."

मला रडू आलं. बाईंनी येऊ दिलं. थोड्या वेळाने आत जाऊन चहा टाकला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? मला म्हाइतच व्हतं. हिराबाईला सांग."

दोन दिवसांनी मी वाडीवर गेलो. हिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सॉफ्टवेअरचं त्यांना किती समजलं कुणास ठाऊक, पण बटण, यादी आणि खोटं बोलणं त्यांना नीट समजलं. मधे त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"म्हंजे कमळूनं तिला काय दिलं नवतं?"

"नाही."

"आनि ती बोलत व्हती, तवा तू तितंच उबा व्हतास. पिशवी घेऊन."

"होतो."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग उठल्या, दाराला कडी घातली, पदर डोक्यावरून घेतला. "चल," म्हणाल्या. "तिचं गाव मला म्हाइत नाय."

जीपमध्ये त्या पुढे बसल्या, मी मागे. बाईंच्या अंगणात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बाई पडवीत बसून भावाच्या नातीची फाटकी वही शिवत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि सुई तशीच हातात धरून उठल्या. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"मला तुजा लय राग आलता गो," हिराबाई म्हणाल्या.

"यायलाच पायजे व्हता," बाई म्हणाल्या. "तुझं वावर वढ्यात घातलं मी."

"निम्मं ह्यानं घातलं," हिराबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग वही बाजूला सारून त्यांनी चटई झटकली आणि आम्हा दोघांना बसायला जागा केली.